टोन द्या, टोन!

कोकणातल्या एखाद्या कार्यालयात नुकतेच रुजू झाला असाल, तर पहिल्या आठवड्यात एवढं पथ्य पाळा. आस्थापना शाखेच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली एक फॅक्स यंत्र झाकलेलं असेल. त्याच्याकडे बोट दाखवून "हे अजून आहे?" असं विचारू नका. पाहुण्याने ओटीवरच्या पणजीकडे बघून हाच प्रश्न केला तर घरच्यांना कसं वाटेल?

पणजीचं वयही ऐकून ठेवा. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने तारेवरून चित्र पाठवण्याचं पेटंट घेतलं १८४३ साली. टेलिफोन आला १८७६ला. बेनने पेटंट घेतलं तेव्हा बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायलाही दहा वर्षं अवकाश होता. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला तर १९९८ उजाडलं, तिचं नाव काढू नका. अशा सेवाज्येष्ठाला कालची आलेली ईमेल मागे टाकणार म्हणता?

ईमेलचा मुख्य दोष असा की ती पोचते. वर सेकंदापर्यंतची वेळ लावून पोचते, आणि मग काहीतरी करावं लागतं. फॅक्सचं तसं नाही. पाठवणाऱ्याच्या हातात 'ओके' छापलेली चिठ्ठी, घेणाऱ्याच्या तोंडी "आमच्याकडे आलाच नाही". दोघेही खरं बोलत असतात. आमच्या एका कार्यालयात (नाव विचारू नका, पेन्शन घ्यायची आहे) एक लिपिक अडचणीचं पत्र नेहमी उलट्या बाजूने सरकवायचे. पलीकडे कोरं पान निघायचं, अलीकडे 'ओके' यायचं. पानं किती गेली एवढंच यंत्राला कळतं, त्यांच्यावर काय होतं त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ती चिठ्ठी फाइलीला लावली की साहेबांचा जीव भांड्यात.

आता टोन, म्हणजे फॅक्सची शिट्टी. हे शिकल्याशिवाय तुम्हाला कायम करणार नाहीत. दोन यंत्रं आधी एकमेकांना शिट्ट्या घालतात, वेग ठरवतात, मग कागद सोडतात. १९८० साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, पान मिनिटभरात जाऊ लागलं, आणि शिट्टी तेव्हापासून तीच आहे. पण आपल्याकडे लाइन एक आणि तिच्यावर फोनही तोच, त्यामुळे शिट्टीच्या आधी माणूस उचलतो.

"हॅलो, टोन द्या."

"खयसून बोलतास?"

"तालुक्यातनं. टोन द्या."

"साहेब दौऱ्यावर आसत."

"साहेब नकोत हो, टोन!"

"मगे तसा सांगा. देतंय, थांबा हां."

आणि लाइन कट. पाच वेळा हेच केलं की जेवणाची सुट्टी होते. जून ते सप्टेंबर तर चिंताच नको. पावसाने लाइनीत अशी काही खरखर भरते की शिट्टीला शिट्टी लागत नाही. पाऊस उघडला तर महामार्गाच्या कामात केबल तुटलेली असते. दोन्ही नसेल तर यंत्रात पालीने अंडी घातलेली असतात. कारण शोधायला कोकणासारखा दुसरा प्रांत नाही.

कोणी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० तुमच्या नाकासमोर नाचवील. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला त्यात मान्यता आहे हे खरंच. डिजिटल सातबाऱ्यावर तर सही-शिक्क्याची गरज नाही असं छापूनच येतं. आपण काय करायचं? त्या ओळीवरच गोल शिक्का मारायचा. मेलवर आलेलं पत्र छापायचं, सही करायची, फॅक्स करायचं, आणि लगेच त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून खाली लिहायचं, "फॅक्स केला आहे, पोच द्यावी." मूळ प्रत टपालाने रवाना. एका पत्राच्या चार नोंदी होतात. काम वाढलेलं दिसतं, पद टिकतं.

मागासलेपणाची लाज वाटून घेऊ नका. जपानच्या प्रशासकीय सुधारणा मंत्र्यांनी २०२१ साली सरकारी फॅक्स बंद करायचं मनावर घेतलं. खात्यांनी शेकडो हरकती घेऊन त्यांना गप्प केलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला २०१९च्या जानेवारीपासून नवीन यंत्रं विकत घ्यायला बंदी घालावी लागली. म्हणजे तोवर घेतच होते! आणि आपल्या जम्मू-काश्मीरात नोव्हेंबर २०१८मध्ये सरकार स्थापनेच्या दाव्याचा फॅक्स राजभवनात पोचला नाही. ईदची सुट्टी, यंत्रावर कोणी नव्हतं, असं राज्यपालांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी विधानसभा बरखास्त. ईमेलला जमलं असतं हे?

थर्मल कागदाबद्दल मात्र एक सूचना. तो वळलेलाच बाहेर येतो, कडेला नारळ ठेवून सरळ करा. आणि लगेच झेरॉक्स काढा, कारण उन्हाने, उष्म्याने त्यावरची अक्षरं उडतात. आमच्या त्या कार्यालयात ही काळजी कोणी घेतली नाही. फार वर्षांपूर्वी एका उत्साही साहेबांनी हेच फॅक्स यंत्र भंगारात काढायचा निर्लेखन प्रस्ताव वर पाठवला होता. मंजुरीही आली, अर्थात फॅक्सने. परवा नवीन मुलाने यंत्र काढायचं म्हणून फाइल उघडली. मंजुरीचं पान जागेवर आहे, वर आवक क्रमांक आहे, गोल शिक्काही आहे. बाकी पान कोरं.

मुलाने रुमाल झटकून परत घातला.