वीज कुठं मुरतेय?

आमची गाडी एकोणीस वर्षांची आहे. या वयाची मुलं रात्रभर जागतात आणि सकाळी काही केल्या उठत नाहीत. गाडीनंही तेच सुरू केलं. चार-पाच दिवस उभी राहिली, की सहाव्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टिक्’. नवी बॅटरी टाकली. पाच दिवसांनी तीही ‘टिक्’ म्हणाली, जरा ताज्या आवाजात, एवढंच.

गॅरेजवाला म्हणाला, “ठेवून जा, बघतो.” पण दहावीला विजेच्या धड्यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते, हे मी घरात इतक्या वर्षांपासून सांगत आलोय की आता माघार शक्य नव्हती. मी मल्टिमीटर आणला.

पहिलाच धडा असा, की 12 व्होल्टच्या बॅटरीत 12 व्होल्ट असणं ही वाईट बातमी असते. भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. 12 वर आली म्हणजे जेमतेम पाव उरली. इंजिन चालू करून पाहिलं तर 14.2. म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर इमानदार होता. दिवसा भरलेलं रात्री कोणीतरी पीत होतं.

हे पिणं मोजायचं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मधे मीटर लावायचा. निगेटिव्हच आधी का सोडवायची, हे मी पॉझिटिव्हला पाना लावल्यावर शिकलो. पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला लागलं आणि जी ठिणगी उडाली, तिच्या उजेडात मला दहावीचं अख्खं पुस्तक दिसलं. गाडीत पत्रा हीच परतीची वायर असते.

त्यानंतर मीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात ठेवून मी व्होल्ट मोजायला गेलो. तसं केलं की मीटर म्हणजे नुसती एक जाड वायर होतो. गाडीतली वीजगळती शोधायला निघालेल्या माणसानं पहिला फ्यूज उडवला तो मीटरचाच.

“अहो, झालं का?” खिडकीतून आवाज आला.

“निदान चालू आहे!”

दुसरा फ्यूज घालून मीटर नीट लावला, तर आकडा 3 अँपिअर! माझे हातपाय गार पडले. मग लक्षात आलं, दार उघडं आहे, आतला दिवा लागलाय आणि सेंट्रल लॉकिंगचा मेंदू टक्क जागा आहे. तो झोपायला वीसेक मिनिटं घेतो. मी दाराबाहेर श्वास रोखून बसलो. आकडा उतरला. फ्यूज काढायला हलकेच दार उघडलं आणि परत 3 अँपिअर. तान्ह्या बाळाला झोपवून पाय न वाजवता निघावं आणि नेमकं दार करकरावं, तसं तीनदा झालं. शेवटी दार उघडंच ठेवून त्याच्या कुलपाचा खटका स्क्रूड्रायव्हरनं बंद केला. गाडीला वाटलं, दार लागलं. गाडी झोपली. एवढी फसवणूक मी ऑफिसातही कधी केलेली नाही.

आता आकडा 0.44 वर थांबला. हा 0.05 च्या आत असावा लागतो. मग स्टेअरिंगखाली पाय वर, डोकं खाली अशा आसनात एकेक फ्यूज उपटत गेलो. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. झाकणावरचा नकाशा केव्हाच पुसून गेला होता. चौदावा फ्यूज काढला आणि आकडा धपकन 0.04! पाणी मुरत होतं ते इथं.

त्या फ्यूजवर काय काय, हे पुस्तिकेत सापडलं: घड्याळ, आतला दिवा, डिकीचा दिवा, ग्लव्ह बॉक्सचा दिवा. 0.4 गुणिले 12 म्हणजे पाच वॅटच्या आसपास. संशयित म्हणजे एक इवलासा दिवा! पण झाकण लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे बाहेरच्याला कळणार कसं? डिकीत झोपून बघायला घरातलं कोणी तयार होईना. मग मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला. दोन मिनिटं निव्वळ काळोख. ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. दोन मिनिटं विम्याच्या कागदांचं लख्ख, सुस्पष्ट चित्रण. झाकण लागलं तरी दिव्याचा खटका दबतच नव्हता आणि दिवा बंद दाराआड एकट्यानं दिवाणखाना चालवत होता. मी चटके खात बल्ब उपटला.

वायर परत लावली, सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात उठली. घड्याळात मात्र बारा वाजले होते, आणि रेडिओ कोड मागत होता. वीज गेली की या जुन्या रेडिओंना वाटतं, आपल्याला कोणीतरी चोरून आणलंय. कोडचं कार्ड ग्लव्ह बॉक्समध्येच असणार. तिथं आता मिट्ट काळोख. चाचपडून कार्ड काढलं, पण त्यावरचे दोन आकडे तीन की आठ, ते समजेना. दोन्ही तीन घातले. दोन्ही आठ घातले. रेडिओला कुलूप लागलं.

पुस्तिका सांगते, रेडिओ चालू ठेवून एक तास थांबा.

इंजिन बंद करून बसलो. मीटर हाताशी होताच, सवयीनं बॅटरीला लावून पाहिला. 12.4. जरा वेळानं 12.3.