सरकारी केंद्रातल्या एचआयव्ही चाचणीवरचा तो फॉरवर्ड

"सरकारी केंद्रात एचआयव्हीची चाचणी करू नका. एका किटवर पॉझिटिव्ह ठरवतात, निम्मे रिपोर्ट खोटे. एड्सच्या नावावर आलेल्या परदेशी पैशातून मशीनं घेतली, ती धूळ खातायत. आता तर डॉलरही बंद झाले. खाजगीतच करा." हा मजकूर माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. तिला तिसरा महिना आहे. तिने विचारलं, "दादा, एएनसीच्या (गरोदरपणातल्या तपासणीच्या) रक्तात ही तपासणी नको म्हणून सांगू का?" नाही, अजिबात सांगू नकोस. आईला लागण असेल आणि उपचार नसतील, तर बाळाला ती होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेत औषधं सुरू झाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. हा मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच दार बंद करायला सांगितलंय.

"एका किटवर पॉझिटिव्ह." धादांत खोटं. लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणायचं तर नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) पद्धतीप्रमाणे नमुना तीन वेगवेगळ्या किटवर रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे लागणीची खूण दाखवणारा) यावा लागतो. त्या किटचं अँटिजेन (अँटिबॉडी पकडायला लावलेला विषाणूचा अंश) किंवा तत्त्वही वेगळं हवं, कारण एकच किट तीनदा वापरलं तर तीच चूक तीनदा होते. पहिलं किट लागण सुटू नये म्हणून जास्त संवेदनशील निवडतात, पुढची दोन खोटे रिअ‍ॅक्टिव्ह गाळायला. पहिलं आणि तिसरं रिअ‍ॅक्टिव्ह पण दुसरं नाही, असं झालं तर रिपोर्ट 'अनिर्णित' जातो आणि १४ ते २८ दिवसांनी पुन्हा रक्त घेतात.

तीन का, याचं गणित करून पाहा. भारतात प्रौढांमध्ये लागण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे १०,००० जणांत २०. किटची नेमकेपणाची, म्हणजे निरोगी माणसाला निगेटिव्ह दाखवण्याची, किमान अट ९८ टक्के. म्हणजे उरलेल्या ९,९८० निरोगी माणसांतही २०० च्या आसपास खोटे रिअ‍ॅक्टिव्ह निघू शकतात. खरे २०, खोटे २००! दुसऱ्या किटनंतर ते २०० चे ४ होतात, तिसऱ्यानंतर एकाच्याही खाली. (प्रत्यक्षात दोन किटच्या चुका पूर्णपणे स्वतंत्र नसतात, म्हणून आकडे इतके गुळगुळीत येत नाहीत. दिशा मात्र हीच.)

तेव्हा मेसेजमध्ये कणभर तथ्य आहे ते इतकंच, की एकट्या किटचा रिअ‍ॅक्टिव्ह निकाल बहुधा खोटाच असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोट टोचून एकच किट लावतात हेही खरं. पण ती चाळणी झाली. तिथे कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, पुढच्या आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) पाठवतात. मेसेजवाल्याने चाळणीलाच निकाल समजून बोंब मारलीय.

चुका होत नाहीत का? होतात, पण वेगळ्याच जागी. ठरलेली वेळ उलटल्यावर किट वाचलं की वाळताना फिकट रेघ उमटते आणि घाईतला माणूस ती रिअ‍ॅक्टिव्ह धरतो. एका लॉटचं बफर (किटसोबत येणारं द्रावण) दुसऱ्या लॉटच्या किटला वापरतात. नमुन्याचा थेंब कमी पडतो. कंट्रोलची (किट चाललं हे दाखवणारी) रेघ आली म्हणजे सगळं ठीक, हा समजही फसवा, कारण अनेक किटवर ती नमुना न टाकताही येते. म्हणून नवा लॉट उघडला की आधी माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून पाहायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नळीवरचा नंबर आणि रजिस्टरमधला नंबर वेगळा. जगातलं कुठलंही मशीन ही चूक पकडत नाही.

अशा चुका पकडायला आयसीटीसी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातले २० टक्के पॉझिटिव्ह आणि ५ टक्के निगेटिव्ह नमुने राज्य संदर्भ प्रयोगशाळेकडे फेरतपासणीला पाठवतं. शिवाय वरून सीलबंद पॅनेल (परीक्षेच्या नमुन्यांचा संच) येतं आणि त्यात काय आहे ते केंद्राला माहीत नसतं. ही उतरंड पुण्यात भोसरीच्या 'नारी'पर्यंत (पूर्वीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) जाते.

"मशीनं धूळ खातायत." काही ठिकाणी खातायत, मान्य. देणगीत यंत्र मिळतं. देखभालीचा करार संपला, रिएजंट (चाचणीची रसायनं) मुदतबाह्य झाले की त्याचा ओटा होतो. एचआयव्हीच्या खोलीला एसी आणि शेजारच्या हिमॅटॉलॉजीला (रक्तपेशी तपासणाऱ्या विभागाला) पंखाही नाही, असंही झालंय. पण पैसा फक्त यंत्रांवर गेला हे चूक. स्लम्टा हा प्रयोगशाळा सुधारण्याचा कार्यक्रम २००९ मध्ये रवांडातल्या किगालीत सुरू झाला, त्यामागे पेपफारचा (अमेरिकी सरकारच्या एड्स निधीचा) पैसा होता. त्यात यंत्र वाटत नाहीत. तीन कार्यशाळा होतात आणि मधल्या महिन्यांत प्रयोगशाळा स्वतःचीच दुखणी हाती घेते: रिपोर्टला लागणारा वेळ, नाकारलेले नमुने, संपलेला साठा. २०१४ साली छापलेल्या आढाव्यानुसार २०१३ अखेर ४७ देशांतल्या ६१७ प्रयोगशाळा त्यात होत्या. सुरुवातीचं आणि शेवटचं असं दोन्ही ऑडिट झालेल्या ३०२ ठिकाणी सरासरी गुण ३९ टक्क्यांवरून ६४ वर गेले. पाचपैकी पहिला तारा ५५ ला मिळतो. चेकलिस्टचे गुण म्हणजे अचूक रिपोर्ट नव्हेत, हे मीही म्हणेन. पण फ्रिजचं तापमान रोज लिहिलं जाणं आणि पिपेट कॅलिब्रेट होणं, अचूक रिपोर्ट यातूनच निघतो.

"आता तर डॉलरही बंद झाले." जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा आफ्रिकेत जबर फटका बसला, यात शंका नाही. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा (२०२१ ते २०२६), १५,४७१.९४ कोटींचा, पूर्णपणे केंद्र सरकारच्या पैशावर आखलेला होता.

"खाजगीतच करा." जरूर करा, पण आधी तीन गोष्टी विचारा. किती किटवर तपासणार? चाचणीआधी समुपदेशन आणि लेखी संमती आहे का? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आवश्यक आहे. आणि एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) शिक्का असेल, तर मान्यतेच्या यादीत एचआयव्हीची चाचणी आहे का? शिक्का त्या यादीतल्या चाचण्यांपुरताच असतो. एकाच किटवर 'रिअ‍ॅक्टिव्ह' लिहून कागद हातात ठेवला, तर तो घेऊन सरळ आयसीटीसी गाठा. तिथे चाचणी मोफत होते.