पाय घसरला म्हणे!

आज रोपं आणायला नर्सरीत गेले होते. शेडनेट बांधायला एक मुलगा घडीच्या शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभा, दोन्ही हात वर, धरायला काही नाही. खाली नुकतंच पाणी मारलेलं. मी म्हटलं, कुणीतरी शिडी धरा हो! मालक म्हणाले, "एवढीशी तर उंची, सवय आहे त्याला."

सवय माझ्या आईलाही होती. नर्सरीतल्या कामाची, 19 वर्षांची.

टांगत्या कुंड्यांना पाणी घालताना ती सहा-सात फुटांवरून पडली. पायांवर आपटली, डाव्या टाचेच्या हाडाचा चुरा झाला. असं पडलं की अख्ख्या अंगाचा भार टाचेवर येतो. आणि सगळ्यांना सांगितलं काय, तर "बाईंचा पाय घसरला."

तिचा पाय घसरला नव्हता. शिडीचा पाय ओल्या मातीत रुतला होता. ते भोक मी डोळ्यांनी पाहिलंय.

नर्सरीतली जमीन कायम ओली, हे मालकाला ठाऊक नसतं? पायांखाली रुंद फळी टाकायला किती वेळ लागतो? मऊ, उंचसखल मातीसाठी तीन पायांची शिडी मिळते, ती का नाही घेत? (ती गुळगुळीत फरशीवर मात्र नको, पाय फाकतात.) आणि मुळात शिडी हवीच कशाला? नळीला लांब दांडा जोडला की टांगत्या कुंड्यांना खालूनच पाणी घालता येतं. एका दांड्यासाठी माझ्या आईची टाच गेली!

बरं, कामगारही ऐकत नाहीत, मान्य. आईसुद्धा उतरून शिडी सरकवायची सोडून बाजूला झुकायची. पण संध्याकाळच्या आत सगळ्या रांगा संपवायच्या म्हटल्यावर दर कुंडीला कोण उतरेल?

तिच्याशी यावर कधी भांडले नाही मी. अजूनही ती सकाळी पलंगावरून उतरताना आधी उजवा पाय टेकवते, मग भिंत धरते. तक्रार नाही. "वरच्या कुंड्यांना आता कोण पाणी घालतं गं?" एवढंच विचारते.

आज मीच जाऊन शिडी धरली. मुलगा ओशाळला, "राहू द्या ताई" म्हणाला. मी सोडली नाही. मालक बघत होते, बघू देत. तो उतरल्यावर वाकून पाहिलं. शिडीचा मागचा पाय दोन बोटं मातीत गेला होता.