मिठाची बॅटरी स्वस्त होईल, पण मीठ स्वस्त आहे म्हणून नव्हे

‘लिथियमचा खेळ खल्लास, आली मिठाची बॅटरी’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यातले दावे थोडक्यात असे: मीठ जवळजवळ फुकट, म्हणून सोडियम-आयन बॅटरी लिथियमच्या एक दशांश किमतीत पडते. कोकणातल्या मिठागरांना सोन्याचे दिवस येणार. ही बॅटरी पेटूच शकत नाही. आणि शोध पुण्यात लागल्यामुळे आता चीनची गरज नाही. हे तंत्रज्ञान यशस्वी व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि नेमक्या त्याच कारणासाठी हा मेसेज पुढे ढकलू नका अशी विनंती आहे.

आधी किंमत, कारण बाकीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. वीज साठवणुकीच्या मोठ्या प्रकल्पांत आज मुख्यतः लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी बसवतात. तिच्या एका किलोवॉट-तासाला, म्हणजे एक युनिट वीज साठवायला, साधारण 0.6 किलो लिथियम कार्बोनेट लागतं. नोव्हेंबर 2022 मध्ये चीनमध्ये त्याचा भाव टनाला सहा लाख युआनच्या घरात होता. म्हणजे दर किलोवॉट-तासामागे नुसत्या लिथियमचेच 360 युआन. तेव्हा सोडियमचा बोलबाला झाला तो रास्तच होता. पण 2025 च्या मध्यात तोच भाव साठ हजारांच्या आसपास उतरला, म्हणजे 36 युआन. सोडियम अगदी फुकट मिळालं असं धरलं, तरी वाचणार फार तर एवढेच.

त्यातूनही बरेच दुसऱ्या वाटेने जातात. सोडियमचा आयन मोठा आणि जड, सेलचा व्होल्टेज थोडा कमी. तेवढीच वीज साठवायला इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं द्रावण), फॉइल, रॅक, कंटेनर सगळंच जास्त लागतं. ऋण बाजूला नेहमीचं ग्राफाइट चालत नाही, हार्ड कार्बन नावाचा वेगळा कार्बन लागतो, आणि त्याचे मोठे कारखाने अजून मोजकेच आहेत. जी बचत खरी आहे तिचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही: लिथियम सेलमध्ये ऋण बाजूला तांब्याची फॉइल असते, सोडियमला तिथे ॲल्युमिनियम चालतं. तांबं काय भावाने पडतं ते कुठल्याही मोटार रिवाइंडिंगवाल्याला विचारा.

शिवाय एलएफपी काही थांबून राहिलेली नाही. आपल्याकडे 2022 मध्ये सेकी या केंद्राच्या सौरऊर्जा कंपनीच्या निविदेत साठवणुकीचा भाव मेगावॉटमागे महिन्याला 10.84 लाख रुपये निघाला होता. 2025 मध्ये, केंद्राचं अनुदान धरून का होईना, काही निविदांत तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला. सोडियमला ही धावती गाडी पकडायची आहे. मात्र 2025 च्या अखेरीस लिथियम कार्बोनेट पुन्हा टनाला लाख युआनच्या वर गेलं, हेही विसरू नये. भाव असा उसळला की हाताशी दुसरा पर्याय असणं, हीच माझ्या मते सोडियमची सगळ्यात मोठी कमाई आहे.

मिठागरांचं गणित घरच्या घरी करता येतं. बॅटरीत मीठ थेट जात नाही, त्यापासून केलेला सोडा ॲश वगैरे जातो. हिशेब मिठात केला, तर एका किलोवॉट-तासाला किलो-दीड किलो पुरतं. 100 मेगावॉट-तासांच्या प्रकल्पाला दहा-पंधरा ट्रक मीठ झालं. देशात वर्षाला कोट्यवधी टन मीठ पिकतं, त्यातलं बहुतेक गुजरातेत. आगरी मिठागरदारांना असली आशा दाखवू नये.

‘पेटूच शकत नाही’ हा दावा धोक्याचा आहे. इलेक्ट्रोलाइट बहुतेक लिथियम बॅटरीसारखाच, ज्वलनशील कार्बोनेट द्रावकांचा असतो. ॲल्युमिनियम फॉइलमुळे सोडियम सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून नेता येतो, त्यामुळे वाहतूक सुरक्षित होते, एवढं खरं. पण प्रकल्पात अग्निसुरक्षेवर काट मारायला ते कारण पुरत नाही.

पुण्याचा अभिमान मलाही आहे. केपीआयटी या पुण्याच्या कंपनीने आयसर पुणे या विज्ञानसंस्थेसोबत विकसित केलेलं तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये जाहीर झालं. पण या बॅटरीवरचं संशोधन जगात कित्येक दशकं चाललं आहे. ब्रिटनमधल्या शेफिल्डची फॅराडिऑन ही सोडियम बॅटरीची कंपनी 2011 ची, जी विकत घ्यायचा करार रिलायन्सने 2021 च्या अखेरीस केला. आणि चीनच्या हुबेई प्रांतात, छिएनजियांगला, 50 मेगावॉट, 100 मेगावॉट-तासांचा सोडियम प्रकल्प 2024 मध्ये ग्रिडला जोडलाही गेला. ‘खेळ खल्लास’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेची नॅट्रॉन आठवावी: सोडियमवरच उभी असलेली ही कंपनी सप्टेंबर 2025 मध्ये बंद पडली.

जिथे सोडियमचं पारडं खरंच जड होऊ शकतं, त्यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही. जमिनीवर एका जागी बसवायच्या बॅटरीला वजनाची फारशी अडचण नसते, तिचा शत्रू उष्णता. एलएफपीच्या कंटेनरला थंड ठेवायला वीज खर्च होते, पंप आणि चिलर बिघडतात. अमेरिकेत पीक एनर्जी या कंपनीने 2025 मध्ये कोलोरॅडोत 3.5 मेगावॉट-तासांची सोडियम यंत्रणा बसवली. तिचं रसायन उष्णता जास्त सोसतं, म्हणून तिला पंखे-पंप लावलेले नाहीत. आपल्याकडे शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचे प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यात उभे राहताहेत, आणि तिथला मे महिना 45 अंशांचा असतो. तिथे अशी एक यंत्रणा दोन उन्हाळे चालवून तिच्या नोंदी सगळ्यांसमोर ठेवाव्यात. तसा मेसेज आला, तर मी स्वतः तो पुढे पाठवीन.