वनराज भाटियांची गाणी कुठे आहेत? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संगीतकार वनराज भाटियांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि चांगलेच फटकारलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'अमूलच्या जाहिरातीतलं गाणं' सोडलं तर या माणसाची एक चाल कुणाला गुणगुणता येत नाही. पार्श्वसंगीत म्हणजे दोन संवादांमधली भर. लंडन-पॅरिसला शिकलेल्याला आपल्या मातीचं काय कळणार! शिवाय 'ते व्यावसायिक सिनेमाकडे फिरकलेच नाहीत' हे माझं वाक्य साफ चुकीचं आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. 'दामिनी' आणि 'घातक'चं पार्श्वसंगीत भाटियांचंच. समांतर सिनेमाच्या प्रेमात मी वाहवत गेलो. ते वाक्य लेखातून काढलं आहे.

आता अमूल. 'मेरो गाम काठा पारे' जाहिरातीसाठी झालेलंच नाही. ते १९७६च्या 'मंथन'मधलं, प्रीती सागरने गायलेलं. गुजरातमधल्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून उभ्या केलेल्या सिनेमातलं. जाहिरातीने ते नंतर उचललं. पण लिरिल साबणाच्या जाहिरातीतलं, धबधब्याखालचं 'ला ला ला' मात्र भाटियांनी खरोखरच जाहिरातीसाठी केलं होतं, आणि ते तुम्हाला गुणगुणता येत नाही असं सांगू नका! त्यांच्या जिंगल्सचा आकडा ७,०००च्या वर सांगतात. मला वाटतं, पार्श्वसंगीताची खरी तालीम त्यांना तिथेच मिळाली असणार. सेकंद मोजून लिहायचं आणि वेळ संपायच्या आत म्हणणं पोचवायचं.

मातीचं म्हणाल तर 'भूमिका' पुन्हा ऐका. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेला सिनेमा, म्हणजे गाणी जुन्या बोलपटांच्या काळातली वाटायला हवीत. 'बाजू रे मोंदर'साठी भाटियांनी आवाज घेतले ते सरस्वतीबाई राणे आणि फिरोज दस्तूर यांचे. दोघंही शास्त्रीय गायकीतल्या किराणा घराण्याचे, आणि दस्तूर तर लहानपणी वाडियांच्या बोलपटांत गायलेले. त्या काळाची नक्कल करण्यापेक्षा त्या काळातला माणूसच आणून उभा करायचा, हे मातीशी फटकून असणाऱ्याला सुचत नाही.

हिंदी सिनेमात संगीतकार म्हटला की चाल देणारा. वाद्यवृंदासाठी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, लिहायचं काम बहुतेक वेळा अरेंजरकडे, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणाऱ्याकडे, आणि त्यांत गोव्याची माणसं पुष्कळ: अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा. श्रेयनामावलीत त्यांचं नाव शोधावं लागतं. भाटिया हेच लिहायला शिकून आले होते, आधी लंडनच्या रॉयल अकॅडमीत, मग पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बूलाँजेंकडे. म्हणून त्यांचं मोठेपण चालींत शोधायला गेलं की हाताला फारसं लागत नाही.

ते कुठे लागतं? माझ्यापुरतं उत्तर १९८८चं आहे. रविवारची सकाळ, दूरदर्शन, 'भारत एक खोज'. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, मागोमाग वसंत देवांचं हिंदी भाषांतर, आणि दोन्हींना तोलून धरणारे समूहस्वर. शाळकरी वयात सत्-असत् काय कळणार? पण 'सृष्टी से पहले सत् नहीं था' सुरू झालं की आमच्या घरात पोह्यांच्या बशीत चमचासुद्धा वाजत नसे. ऋचा आपल्या आणि समूहस्वरांची बांधणी युरोपात शिकलेली, पण यातलं परकं कुठलं हे मला आजही दाखवता येणार नाही. तुम्हाला आलं तर जरूर कळवा.

आणि ती 'भर'. 'तमस'ची सुरुवात आठवते? तिथे गाण्याचा पत्ता नाही, नुसती 'हाय रब्बा' अशी काळीज चिरणारी हाक. फाळणीची गोष्ट सुरू होण्याआधीच पोटात गोळा येतो. या 'तमस'च्या संगीतासाठीच त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो मुद्दा मी पुढे करणार नाही. पुरस्कारांवर आपल्या दोघांचाही फारसा विश्वास दिसत नाही.

'तमस'ची तेवढी सुरुवातीची श्रेयनामावली एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून ऐका. मग भर कोण कुणाला घालतंय ते लिहा. उत्तर देईनच.