वास गेला म्हणजे गॅस गेला? कुणी सांगितलं?

तासगाव-पलूसकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘तेलाच्या रिगवर जाणाऱ्या पोरांसाठी अनुभवी माणसाचे बोल’. मला तो मावशीकडून आला, आणि त्याआधी तिचा तो पोराला पाठवून झाला होता. पोरगं नुकतंच मुंबईच्या समुद्रात रिगवर लागलंय. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडतसुद्धा नाही.

पहिलाच बोल ऐका. ‘विषारी गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो. वास येतोय तोवर मास्क ठेवा. वास थांबला की गॅस गेला, मास्क काढा.’

हा गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. अगदी किरकोळ असला तरी नाकाला कळतो, इथपर्यंत ठीक. पण अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचा, म्हणजे ओशाचा तक्ता काय सांगतो? हवेत 100 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग, झालं की 2 ते 15 मिनिटांत वास येणंच बंद होतं. गॅस तिथंच असतो, नाक मेलेलं असतं. 500 ते 700 ला माणूस 5 मिनिटांत कोसळतो. 700 च्या वर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. म्हणजे हे अनुभवी गृहस्थ मास्क काढायला सांगतात ते नेमकं मरायच्या वेळेला! डिसेंबर 2003 मध्ये चीनमध्ये छोंगछिंगकडं गॅसची विहीर फुटून हाच गॅस पसरला, 243 माणसं गेली. बहुतेक आसपासचे गावकरी. नाकं त्यांनाही होती. हा गॅस हवेपेक्षा जड, खोलगट जागी साठतो. आपल्याकडं सांडपाण्याच्या टाकीत एक उतरतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही वर येत नाही, तिथंही बऱ्याचदा हाच असतो. गॅस आहे की नाही हे डिटेक्टरनं ठरवायचं, नाकानं नाही.

‘ओला रुमाल पुरतो.’ धुळीला पुरतो. पुढं.

‘पाठीवरच्या सिलिंडरात ऑक्सिजन असतो, त्यानं फुफ्फुसं जळतात.’ मास्कला हवा पुरवणारा तो सिलिंडर. अहो, त्यात साधी हवा असते! गाळून, कोरडी करून, दाबानं भरलेली. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, तेलाचे कण आणि कार्बन मोनॉक्साइड यांनाही मर्यादा ठरलेली. तेला-ग्रीसच्या जागी शुद्ध ऑक्सिजन पाठीवर घेणं म्हणजे आगीला आवतण.

‘30 मिनिटं लिहितात, 15 मध्ये संपतो.’ हे मात्र नाइलाजानं मान्य. अंगमेहनत करताना, घाबरल्यावर धाप लागते आणि हवा लवकर संपते. म्हणून तर हवा कमी झाली की शिट्टी वाजते. आणि लांबचं काम पाठीवरच्या बाटलीवर करतच नाहीत. मोठ्या सिलिंडरांची रांग जोडलेली असते, तिला कॅस्केड म्हणतात; तिथून नळीनं मास्कला हवा येते. कमरेला 5 मिनिटांची छोटी बाटली वेगळी, नळी तुटली तर पळायला. मेसेजात यातलं अक्षर नाही.

राहिली दाढी. ‘पट्टा आवळला की दाढी चालते.’ नाही चालत. मास्कची रबरी कड थेट कातडीवर बसली पाहिजे. मध्ये केस आले की फट राहते. तेव्हा मावशी, जोतिबाला बोललेली पोराची दाढी नारळावर भागवून घे, आणि त्याला आजच फोन कर.