व्हिडिओ संपला, म्हणजे शिकून झाले?

आज सकाळी माझी भाची एका हातात पोह्यांची बशी घेऊन, फोन पिठाच्या डब्याला टेकवून, महाविद्यालयाने सक्तीचा केलेला पर्यावरणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम 'पूर्ण' करत होती. आवाज बंद, गती दुप्पट आणि अधूनमधून 'पुढे'चे बटण. चहा उकळेपर्यंत प्रमाणपत्रही हाती आले. त्यात काय होते असे विचारले, तर ती निरागसपणे म्हणाली, "मावशी, ते बघायचं नसतं गं, संपवायचं असतं."

मला तिचा राग आला नाही. विद्यार्थी कुठे अडला हे ज्या रचनेत कोणी विचारतच नाही, व्हिडिओ शेवटपर्यंत गेला का एवढेच जिथे मोजले जाते, तिथे हुशार मूल दुसरे काय शिकणार?

ही 'आमच्या वेळी'ची रडकथा समजू नका, कारण माझी आई स्वतः घरी बसून, दुरूनच शिकलेली आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि त्याची ज्ञानगंगा काही वर्षांनी आमच्या सांगली जिल्ह्यातल्या घरीही पोहोचली. बारावी न झालेल्या आईने आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला, मग बी. ए.ला नाव घातले. त्या पुस्तकांत मजकूर मध्येच थांबे आणि वाचणाऱ्याला प्रश्न विचारी. रविवारी ती एसटीने तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर जाई. एकदा दुष्काळावरचा तिचा गृहपाठ परत आला, तो समासात लाल शाईने लिहिलेल्या शेऱ्यासह : "हे पुस्तकातले आहे. तुमच्या शब्दांत पुन्हा लिहा." आई दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही.

आता कोणी 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचे उदाहरण देईल, तर ते मान्य आहे. २०१७ साली सुरू झालेल्या त्या मंचाच्या आराखड्यात व्हिडिओबरोबर वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि शंकांसाठी चर्चेची जागा आहे, आणि श्रेयांक हवे असतील तर शेवटी परीक्षाही द्यावी लागते. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आज आटपाडीतल्या मुलालाही फुकट ऐकता येतात, हेही खरेच. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने घेण्याची मुभा दिली आहे, तेव्हा त्या चर्चेच्या जागेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कोण आणि किती दिवसांनी देते, हे तरी कोणी पाहणार आहे की नाही? रिकाम्या राहिलेल्या प्राध्यापकांच्या जागा व्हिडिओने भरायच्या असतील, तर तसे उघड सांगावे. त्याला विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य वगैरे गोंडस नावे देऊ नयेत.

लिहिता लिहिता आवाज चढला खरा. तंत्रज्ञानाशी माझे काही वाकडे नाही. आईच्या वेळी फोन असता तर तिचे एसटीचे किती हेलपाटे वाचले असते. मला हवा आहे तो फक्त लाल शाईचा माणूस. तो पडद्यापलीकडे बसला तरी चालेल, पण त्याने वाचले पाहिजे आणि अधूनमधून 'पुन्हा लिहा' म्हटले पाहिजे.

आईने तो गृहपाठ तिसऱ्या रात्री, आम्ही झोपल्यावर, पुन्हा लिहिला. दुपारी कपाटाच्या वरच्या फळीवरून ती वही काढून मी भाचीपुढे ठेवली. पहिल्या उत्तरात पर्जन्यमान, भूजल, जंगलतोड असे सगळे रीतसर मुद्दे होते. दुसऱ्याची सुरुवात अशी होती : "१९७२ साली मी चौदा वर्षांची होते आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तिथे सुकडी मिळायची." पुढे दीड पान विहिरीचा तळ, विकलेले बैल आणि हातावरचे फोड. त्याखाली लाल शाईत फक्त एक बरोबरची खूण आहे.

भाचीने ते दोनदा वाचले, मग वही उचलून थेट आजीच्या खोलीत गेली. त्याला आता तास होऊन गेला आहे आणि आतून अजून दोघींचे आवाज येत आहेत.